राजाबाई टॉवर ते महाड: व्हिक्टोरियन काळातल्या रहस्यकथा नेमक्या असतात तरी काय?

२५ एप्रिल १८९१, शनिवार. मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या राजाबाई टॉवरवरून भरदिवसा दोन तरुण पारशी स्त्रिया खाली पडल्या. दोघीही वाचल्या नाहीत. एकीचं नाव बाचुबाई गोदरेज, दुसरी तिच्या नात्यातली फिरोजबाई.

अपघात, आत्महत्या की खून? शहरभर याचीच चर्चा सुरू झाली. वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. एका तरुणावर संशय आला, खटलाही उभा राहिला. पण न्यायालयात गुन्हा सिद्ध झाला नाही आणि आरोपी सुटला. त्या दुपारी मनोऱ्यावर नेमकं काय घडलं, हे कोडं तसंच राहिलं.

१२९ वर्षांनी, २०२० मध्ये, एका कादंबरीने या कोड्याला उत्तर दिलं. अर्थात काल्पनिक. मुंबईत वाढलेल्या आणि आता अमेरिकेत राहणाऱ्या नेव मार्च यांची 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे' ही ती कादंबरी. या प्रकारच्या लेखनाला म्हणतात व्हिक्टोरियन काळात घडणारी ऐतिहासिक रहस्यकथा. 'एनोला होम्स' पाहिलं असेल, तर या प्रकाराशी तुमची ओळख आधीच झालेली आहे.

हा प्रकार नेमका काय आहे, तो इतका लोकप्रिय का आहे, आणि त्याचा मुंबई, बडोदा, पुणे आणि थेट महाडशी काय संबंध आहे, ते समजून घेऊ.

आधी व्याख्या: 'तेव्हाची' आणि 'तेव्हाबद्दलची' गोष्ट

राणी व्हिक्टोरिया २० जून १८३७ रोजी ब्रिटनच्या गादीवर आली आणि २२ जानेवारी १९०१ रोजी तिचं निधन झालं. मधल्या या सुमारे ६४ वर्षांना व्हिक्टोरियन काळ म्हणतात.

या काळातल्या रहस्यकथा दोन प्रकारच्या असतात आणि इथेच अनेकांचा गोंधळ होतो.

पहिला प्रकार त्याच काळात लिहिलेल्या कथांचा. आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सची पहिली कादंबरी १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्यासाठी घोडागाडी, गॅसचे दिवे आणि तारा हा 'इतिहास' नव्हता. ते रोजचं आयुष्य होतं.

दुसरा प्रकार नंतरच्या लेखकांनी मागे वळून लिहिलेल्या कथांचा. पीटर लव्हसी यांची सार्जंट क्रिब मालिका १९७० मध्ये सुरू झाली. ॲन पेरी यांनी १९७९ पासून इन्स्पेक्टर थॉमस पिटच्या कथा लिहिल्या. नॅन्सी स्प्रिंगर यांनी २००६ मध्ये होम्सला एनोला नावाची धाकटी बहीण दिली. ऐतिहासिक रहस्यकथा म्हणतात ती या दुसऱ्या प्रकाराला.

फरक फक्त तारखेचा नाही. तेव्हाच्या लेखकाला जे दिसत नव्हतं किंवा लिहिता येत नव्हतं, ते आजचा लेखक लिहू शकतो. मोलकरणीचं म्हणणं, वसाहतीतल्या माणसाचा राग, बायकांवरची बंधनं, हे सगळं आता कथेच्या मध्यभागी येऊ शकतं.

सगळ्यांना हाच काळ का आवडतो?

कारण आज आपण ज्याला 'तपास' म्हणतो, त्यातल्या बऱ्याच गोष्टी याच काळात जन्माला आल्या.

लंडनच्या पोलीस दलात गुप्तहेरांची वेगळी शाखा १८४२ मध्ये सुरू झाली. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये आर्सेनिक, म्हणजे सोमल, ओळखण्याची खात्रीची चाचणी शोधली. त्याआधी सोमल देऊन मारलेल्या माणसाचं प्रकरण पटकीवर ढकलणं सोपं होतं.

भारतातही याच काळात चौकट बदलत होती. मुंबई ते ठाणे रेल्वे १८५३ मध्ये धावली. भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली, मुंबईचं उच्च न्यायालय १८६२ मध्ये सुरू झालं आणि पुराव्याचा कायदा १८७२ मध्ये आला.

बोटांच्या ठशांची गोष्ट तर आपल्याच देशातली आहे. विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने १८५८ मध्ये बंगालमध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला. पुढे १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांचं वर्गीकरण करण्याच्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीयांचं मोठं काम होतं, पण पद्धत ओळखली जाते ती एडवर्ड हेन्री या त्यांच्या साहेबाच्या नावाने.

म्हणजे तपासाची हत्यारं आली होती, पण अपुरी. डीएनए नाही, सीसीटीव्ही नाही, मोबाइलचं लोकेशन नाही. साक्षीदाराचा शब्द, चिखलातला बुटाचा ठसा, पत्रातलं अक्षर आणि डोकं, एवढ्यावरच भागवायचं. रहस्यकथेसाठी यापेक्षा सोयीचा काळ सापडणं अवघड.

या कथांच्या मुळाशी भारत आहे

इंग्रजीतल्या सुरुवातीच्या मोठ्या रहस्यकादंबऱ्यांमध्ये विल्की कॉलिन्स यांच्या 'द मूनस्टोन'चं नाव घेतलं जातं. ती १८६८ मध्ये आली. तिच्यातला हिरा १७९९ मध्ये टिपू सुलतानाच्या श्रीरंगपट्टणमच्या लुटीत चोरलेला आहे. इंग्लंडमधल्या एका बंगल्यात घडलेल्या चोरीचं मूळ भारतातल्या चोरीत आहे, हे कॉलिन्स यांनी तेव्हाच लिहून ठेवलं होतं.

होम्सची दुसरी कादंबरी 'द साइन ऑफ फोर' १८९० मध्ये आली. तिच्यात आग्र्याचा खजिना आहे, १८५७ चा उठाव आहे आणि अंदमानची कैद्यांची वसाहतही आहे.

आणि डॉक्टर वॉटसन? पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात तो सैन्यातला डॉक्टर म्हणून मुंबईत उतरतो. तिथे त्याला कळतं की आपली पलटण अफगाणिस्तानात पुढे निघून गेली आहे. पुढे २७ जुलै १८८० च्या मैवंदच्या लढाईत तो जखमी होतो आणि इंग्लंडला परततो. मैवंदच्या खऱ्या लढाईत बॉम्बे आर्मीच्या पलटणीही होत्या. वॉटसन नावाचं पात्र काल्पनिक, पण त्याच्या बाजूला लढलेले हिंदी शिपाई खरे होते. त्यांची गोष्ट मात्र डॉयल यांनी सांगितली नाही.

राजाबाई टॉवर: खरं काय, कादंबरीतलं काय?

आता पुन्हा मुंबईत येऊ.

राजाबाई टॉवर १८७८ मध्ये बांधून पूर्ण झाला. आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, पैसा शेअर बाजारातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांचा आणि नाव त्यांच्या आईचं. उंची सुमारे २८० फूट. शेजारीच उच्च न्यायालय. म्हणजे शहराच्या अगदी डोळ्यांसमोर असलेली जागा.

बाचुबाई या अर्देशीर गोदरेज यांच्या पत्नी. लग्नाला फार काळ झालेला नव्हता. अर्देशीर पुढे वकील झाले, काही काळ झांझिबारला गेले, मग वकिली सोडली आणि १८९७ मध्ये मुंबईत कुलुपांचा कारखाना काढला. आज घरोघरी असलेलं गोदरेजचं कुलूप आणि कपाट यांची सुरुवात तिथली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही.

नेव मार्च यांनी या घटनेवरून कथा रचताना कुटुंबाचं नाव बदललं. कादंबरी १८९२ मध्ये सुरू होते. कॅप्टन जिम अग्निहोत्री हा नायक पुण्याच्या लष्करी रुग्णालयात पडून आहे. आई हिंदुस्थानी, वडील इंग्रज, त्यामुळे दोन्हीकडचे लोक त्याला पूर्णपणे आपला मानत नाहीत. वेळ घालवायला तो होम्सच्या कथा वाचतो. वर्तमानपत्रात मनोऱ्याच्या प्रकरणाबद्दल वाचतो आणि मृत स्त्रीच्या नवऱ्याला जाऊन भेटतो. आपली बायको आणि बहीण आत्महत्या करणार नाहीत, याची त्या नवऱ्याला खात्री असते.

हे कालगणनेतही नीट बसतं. मनोऱ्याची घटना एप्रिल १८९१ ची आणि 'स्ट्रँड' मासिकात होम्सच्या लघुकथा सुरू झाल्या जुलै १८९१ मध्ये. दोन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या.

या कादंबरीला अमेरिकेत पहिल्या रहस्यकादंबरीसाठी दिला जाणारा मिनोटॉर बुक्स आणि मिस्टरी रायटर्स ऑफ अमेरिकाचा पुरस्कार मिळाला. पुढे जिमच्या मालिकेत आणखी कादंबऱ्या आल्या.

पण इथे एक प्रश्न उरतोच. ज्या दोन स्त्रिया खरोखर गेल्या, त्यांचं म्हणणं कुणीच ऐकलेलं नाही. खटल्यात बोलले ते वकील, वैद्य, साक्षीदार आणि संपादक. त्या दोघींच्या चारित्र्याची मात्र शहरभर चर्चा झाली. अशा वेळी कादंबरीकार त्यांना पात्र म्हणून उभं करतो, तेव्हा तो त्यांना आवाज देतो की त्यांच्या मृत्यूचा पुन्हा तमाशा करतो? कुटुंबाचं नाव बदलणं, नवा नायक आणणं ही या प्रश्नाला दिलेली उत्तरं आहेत. वाचकाला कळावं की ही त्या घटनेवरून सुचलेली गोष्ट आहे, त्या घटनेचा निकाल नव्हे.

मुंबईचा खराखुरा वेषांतर करणारा पोलीस

होम्स वेषांतर करून फिरतो हे आपल्याला माहीत आहे. पण होम्स जन्मायच्या तीस वर्षं आधी मुंबईत असा एक माणूस होता: चार्ल्स फोर्जेट.

भारतात वाढलेला, मराठी आणि हिंदुस्थानी सफाईने बोलणारा फोर्जेट १८५७ मध्ये मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. उठावाच्या काळात तो वेषांतर करून बाजारात, धर्मशाळेत फिरायचा. सोनापूर भागात गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घरी शिपाई गुप्तपणे जमतात, हे त्याने शोधलं. शेजारून भिंतीच्या भोकातून त्यांचं बोलणं ऐकलं आणि लष्करी अधिकाऱ्यालाही तिथे आणून बसवलं.

पुढे काय झालं? १५ ऑक्टोबर १८५७ रोजी सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोघांना एस्प्लनेडवर, म्हणजे आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, तोफेच्या तोंडी दिलं गेलं.

मुंबईत आजही फोर्जेट स्ट्रीट आहे. सरकारच्या लेखी तो शहर वाचवणारा हुशार अधिकारी. उठावाच्या बाजूने पाहणाऱ्याच्या लेखी मात्र तो भिंतीला कान लावून दोन माणसांना तोफेपर्यंत नेणारा हेर.

लंडनमधल्या रहस्यकथेत हा पेच सहसा येत नाही. तिथे खून झाला म्हणजे व्यवस्था बिघडली आणि गुप्तहेराने खुनी पकडला म्हणजे ती पुन्हा जागेवर आली. वसाहतीत प्रश्न असा की मुळात ही व्यवस्था कुणाची? भारतात घडणारी चांगली व्हिक्टोरियन रहस्यकथा हा प्रश्न टाळत नाही.

बडोद्याचं सरबत: विष, हिऱ्याची पूड आणि तीन विरुद्ध तीन

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर सकाळी फिरून आले आणि नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत प्यायला बसले. दोन-तीन घोट घेतल्यावर मळमळायला लागलं. उरलेलं सरबत त्यांनी फेकलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तपासणी झाली, नमुना मुंबईला रासायनिक परीक्षकाकडे गेला. निष्कर्ष निघाला, सोमल आणि हिऱ्याची पूड.

संशय थेट महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर आला. फेअर आणि मल्हारराव यांचं आधीपासून बिनसलेलं होतं. तपासासाठी मुंबईचे पोलीस आयुक्त फ्रँक सूटर आले. नोकरांचे जबाब झाले. महाराजांचे खासगी कारभारी दामोदरपंत माफीचे साक्षीदार झाले. महाराजांच्या बाजूने लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले.

१८७५ मध्ये सहा जणांच्या आयोगासमोर सुनावणी झाली. तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्य. हिंदी सदस्य होते ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. निकाल लागला तीन विरुद्ध तीन. इंग्रजांच्या मते विषप्रयोगामागे महाराजच होते, हिंदी सदस्यांच्या मते आरोप सिद्ध झालेला नव्हता.

सरकारने मग मल्हाररावांना विषप्रयोगाच्या नाही, तर गैरकारभाराच्या कारणावरून पदच्युत केलं. गादीवर बसवायला नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावातून एक मुलगा आणला. तो म्हणजे पुढचे सयाजीराव गायकवाड.

यातलं काहीही लेखकाने रचलेलं नाही. बंद राजवाडा, पेल्यातला गाळ, फितूर कारभारी, परदेशी वकील, फुटलेला निकाल, सगळं कागदोपत्री आहे. विष घातलं कुणी, याचं सर्वांना मान्य होईल असं उत्तर तेवढं नाही.

पुणे, २२ जून १८९७: 'कोणी केलं' याच्या पुढचा प्रश्न

राणीच्या राज्यारोहणाला ६० वर्षं झाल्याचा समारंभ गणेशखिंडीत होता. रात्री परतताना प्लेगचे अधिकारी वॉल्टर रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आयर्स्ट जागीच गेला, रँड ३ जुलैला. तपास पोलीस अधिकारी ब्रुइन यांच्याकडे गेला. मोठं बक्षीस जाहीर झालं, द्रविड बंधूंनी खबर दिली आणि दामोदर चापेकर सापडले. त्यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली.

महाराष्ट्रात ही गोष्ट लहान मुलालाही माहीत असते. त्यामुळे 'खुनी कोण' हे रहस्य इथे चालत नाही. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांनी १९७९ मध्ये '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट केला, त्यातही ताण आहे तो लोक असे का वागले याचा. प्लेगच्या तपासणीत घराघरांत घुसणारे सोल्जर, शहरातली भीती आणि त्यातून पेटलेली तरुण मुलं. रहस्यकथा जिथे संपते, तिथून ही गोष्ट सुरू होते.

मराठीत या प्रकारचं काय आहे?

व्हिक्टोरियन काळातला लोकप्रिय इंग्रजी लेखक जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स हा भारतात खूप वाचला गेला. त्याच्या लंडनच्या रहस्यांच्या मालिकेने १८४० च्या दशकात धुमाकूळ घातला होता. गोविंद नारायण दातारशास्त्री यांनी रेनॉल्ड्सच्या गोष्टींना मराठी कपडे चढवले आणि कित्येक पिढ्यांनी त्या रात्र जागून वाचल्या.

बंगालमध्ये १८९२ पासून 'दारोगार दप्तर' ही मालिका निघू लागली. लेखक प्रियनाथ मुखोपाध्याय हे स्वतः कलकत्ता पोलिसांत गुप्तहेर होते.

मराठीत विसाव्या शतकात बाबुराव अर्नाळकर (१९०६ ते १९९६) यांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळा पहाड ही त्यांची पात्रं आजोबांच्या पिढीला तोंडपाठ. भालबा केळकरांनी होम्स मराठीत आणला. पण अर्नाळकरांची पात्रं त्यांच्या स्वतःच्या काळातली आणि होम्स लंडनचा. मराठी ऐतिहासिक कादंबरी म्हटलं की आपल्याला आधी शिवकाळ आणि पेशवाई आठवते. तलवारी म्यान झाल्यानंतरचा, कचेऱ्या, तारा आणि पंचनाम्यांचा काळ या खेळात मागेच राहतो.

समजा, अशी कथा महाडमध्ये घडली तर?

व्हिक्टोरियन म्हटलं की धुकं आणि लंडन डोळ्यांसमोर येतं. पण धुकं वरंधा घाटातही कमी नसतं.

रायगड जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं, ते बदललं १९८१ मध्ये. कोकण रेल्वे यायला अजून जवळपास शंभर वर्षं होती. मुंबईहून महाडला यायचं म्हणजे समुद्राने बाणकोटच्या खाडीत आणि तिथून सावित्रीतून दासगावकडे. घाटमाथ्यावरून यायचं तर भोरकडून वरंधा घाट किंवा महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट, ज्याला साहेबांनी फिट्झगेराल्ड या गव्हर्नरचं नाव दिलं होतं. पावसाळ्यात होड्या बंद, घाट निसरडे. रहस्यकथेत 'बाहेरचा कुणी आत येऊ शकत नाही आणि आतला कुणी जाऊ शकत नाही' अशी जागा लागते. सह्याद्रीच्या कुशीतल्या तळीयेसारख्या गावाला ती आयती मिळते.

माहितीही हाताशी आहे. कुलाबा आणि जंजिऱ्याचं गॅझेटियर १८८३ मध्ये प्रसिद्ध झालं. गावं, बाजार, पिकं, वाटा, कचेऱ्या, सगळं त्यात आहे. त्याच वर्षी जेम्स डग्लस यांनी मुंबईवरच्या पुस्तकात रायगडावरच्या शिवाजी महाराजांच्या समाधीची दुरवस्था लिहिली. पुढे त्यावरून महाराष्ट्रभर हळहळ झाली, टिळकांनी निधी उभा केला आणि १८९६ मध्ये रायगडावर शिवाजी उत्सव झाला. गडावर गर्दी आणि त्या गर्दीवर सरकारची नजर. कथेला पार्श्वभूमी म्हणून आणखी काय हवं?

आणि माणसं? महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त होऊन गावी आले. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका लिहून अस्पृश्यतेवर थेट प्रश्न विचारले. १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली, तेव्हा उच्चवर्णीय सदस्यांनी विरोध केला. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची लष्करभरतीही थांबवली होती.

आता विचार करा. जग पाहिलेला, लिहिता-वाचता येणारा, बंदूक आणि शिस्त माहीत असलेला एखादा पेन्शनर हवालदार गावात परत येतो. गावात एक मृत्यू होतो. त्याला पुरावा दिसतो, पण वाड्याच्या आत पाऊल टाकता येत नाही. विहिरीवर जाता येत नाही. साक्षीदार त्याच्याशी लांबून बोलतो. ही अडचण लंडनच्या कुठल्याही गुप्तहेरापुढे कधी आली नसेल. महाडमध्ये मात्र ती रोजची होती. पुढे १९२७ मध्ये याच गावातल्या चवदार तळ्यावर सत्याग्रह झाला, तो उगाच नाही.

दरड ही कथेतली कलाटणी नव्हे

तळीयेचं नाव महाराष्ट्राला कळलं ते २२ जुलै २०२१ ला. अतिवृष्टीत डोंगराचा भाग वस्तीवर आला आणि ८० हून अधिक माणसं गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि सुतारवाडीतही दरडी कोसळल्या, महाड शहर पाण्याखाली गेलं.

रहस्यकथेचा लेखक अशा भागात कथा बेतताना दरडीकडे सोय म्हणून पाहू शकतो. पुरावा गाडायला सोपं, रस्ता अडवायला सोपं, पात्र संपवायला सोपं. पण ती कथा वाचणाऱ्यांमध्ये असेही असतील ज्यांनी त्या चिखलात आपली माणसं शोधली.

राजाबाई टॉवरच्या दोघींबद्दलचा प्रश्न इथे पुन्हा समोर येतो. कुणाचा तरी मृत्यू हा दुसऱ्याच्या करमणुकीचा माल कधी होतो? काळ जास्त लोटला की चालतं, असं सोपं उत्तर नाही. काम करणारे लेखक साधारण तीन गोष्टी पाळताना दिसतात. खऱ्या माणसांची नावं कल्पित कृत्यांना चिकटवत नाहीत. पुस्तकाच्या शेवटी खरं किती आणि रचलेलं किती, हे स्वच्छ सांगतात. आणि मेलेल्या माणसाला फक्त 'प्रेत' म्हणून आणत नाहीत, त्याला घर, सवयी आणि माणसं देतात.

चांगली व्हिक्टोरियन रहस्यकथा कशी ओळखायची?

- तपास त्या काळाचा हवा. १८८० मधल्या मुंबईत कुणी बोटांचे ठसे जुळवून खुनी पकडला, तर लेखकाने अभ्यास केलेला नाही.
- माणसंही त्या काळाची हवीत. आजचे विचार बोलणारी आणि फक्त कपडे जुने घातलेली पात्रं लगेच उघडी पडतात.
- काळ कथेत घुसायला हवा. जात, धर्म, पडदा, गोरा-काळा हा भेद यांमुळे तपास अडला किंवा पुढे सरकला पाहिजे. नुसती घोडागाडी पुरत नाही.
- कोडं प्रामाणिक हवं. गुप्तहेराला दिसलेला पुरावा वाचकालाही दिसलेला असावा.

वाचायला सुरुवात कुठून करायची?

मूळ चव घ्यायची असेल तर होम्स, मराठी अनुवादातूनही चालेल. जरा जाड पुस्तकाची तयारी असेल तर 'द मूनस्टोन'.

भारतातल्या कथांसाठी 'मर्डर इन ओल्ड बॉम्बे'. ठगांच्या काळात, म्हणजे १८३७ मध्ये जायचं असेल तर एम. जे. कार्टर यांची 'द स्ट्रँगलर व्हाइन'. होम्सच्या 'गायब' वर्षांची गंमत हवी असेल तर जामयांग नोर्बू यांची 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स', ज्यात तो तिबेटला जातो.

व्हिक्टोरियन नाही, पण अगदी शेजारची म्हणजे सुजाता मॅसी यांची 'द विडोज ऑफ मलबार हिल'. ती १९२१ च्या मुंबईत घडते. तिची वकील नायिका परवीन मिस्त्री ज्यांच्यावरून सुचली, त्यांपैकी एक म्हणजे कॉर्नेलिया सोराबजी. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या, पुण्यात शिकलेल्या आणि ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकणाऱ्या पहिल्या स्त्री. पडद्याआडच्या बायकांच्या मालमत्तेचे प्रश्न त्यांनी आयुष्यभर हाताळले. पुरुष वकिलाला जिथे जाता येत नव्हतं, तिथे त्या जाऊ शकत होत्या.

मराठीत मात्र हे दालन अजून बरंचसं मोकळं आहे. गॅझेटियर आहे, खटल्यांचे कागद आहेत, जुनी वर्तमानपत्रं आहेत, सावित्रीचं पात्र आणि वरंध्याची वाटही आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या एखाद्या पेन्शनर हवालदाराची पहिली केस कुणीतरी लिहायला घेण्याचीच काय ती वाट आहे.